पाठीवरची गोणी

रविवार, १० ऑगस्ट २०२५

उद्या हिपहॉपचा, म्हणजे आमच्या नाचगाण्याचा, वाढदिवस. उद्या सोमवार, कोणाला सुट्टी नाही, म्हणून आजच उरकला. बेलापूर स्टेशनच्या आतली ती मोठी मोकळी जागा, तिथली गुळगुळीत फरशी, मध्ये केक आणि भोवती आमचा ‘खाडीपार क्रू’. मी दरवर्षीप्रमाणे कथा सांगितली. पोरं तिला ‘ऋषीदादाची पोथी’ म्हणतात. म्हणू देत. जन्म कुठे झाला हे माहीत नसताना नुसत्या गिरक्या मारायच्या असतील तर त्यांनी जिम लावावी.

कथा तीच. न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स. मधून भला मोठा हायवे गेलेला, इमारती जळतायत, कामं नाहीत, गल्लीगल्लीत टोळ्या. त्र्याहत्तर साली एका इमारतीच्या हॉलमध्ये एका मुलीनं पार्टी ठेवली, शाळेचे नवे कपडे घ्यायचे म्हणून. गाणी लावायला तिचा भाऊ. त्याच्या लक्षात आलं होतं, की गाण्यात गाणारा थांबतो आणि नुसता ढोल उरतो, त्या तेवढ्या तुकड्याचीच पोरं वाट बघतात. तो तुकडा म्हणजे ब्रेक. त्यानं दोन तबकड्या आलटूनपालटून लावून तो तुकडा लांबवला. त्या ब्रेकवर नाचले ते ब्रेकर. पुढे टोळ्यांची भांडणंसुद्धा गोलात नाचून मिटायला लागली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी दुसऱ्यांच्या टाकून दिलेल्या तुकड्यांतून स्वतःचं काहीतरी केलं, हा त्याचा अर्थ. हे सांगताना माझा आवाज अजूनही भरून येतो. क्रूतला शिवतेज ते मोबाइलवर टिपत होता. तो काहीही टिपतो.

मग गोल सुरू झाला, एकेकानं मध्ये येऊन नाचायचं. वैष्णवीनं आज एक नवीन काढलं. ही कोपरखैरण्याची, वडील जोतीराम तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. पोरगी वीस वर्षांची, बोलते कमी. गोलात आली ती वाकूनच, दोन्ही हात खांद्यांवरून मागे, जणू पाठीवर ओझं आहे. जड पावलं टाकली. मग डावा खांदा अचानक खाली, गुडघा आत, सगळं अंग पिळून जमिनीकडे, आणि पाठ फरशीला टेकायच्या आत एका तळव्यावर थांबली. तिथून उठली ती इतकी हलकी की क्षणभर तरंगल्यासारखी वाटली. विचारलं तर म्हणाली, बाबा गोणी असेच उतरवतात. नाव काय, तर म्हणे, गोणी.

असलं काही मी आजवर पाहिलेलं नाही. पंधरा वर्षं या फरशीवर घातली, पण ‘हे ऋषीचं’ असं म्हणावं असा एक मूव्ह माझ्या नावावर नाही. केक फार गोड होता.

गुरुवार, १४ ऑगस्ट

दिवसभर वकीलसाहेबांकडे प्रतिज्ञापत्रं टाइप केली. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’ बोटांना आता डोकं लागत नाही.

संध्याकाळी आई देवळात गेल्यावर स्वयंपाकघरात वैष्णवीची गोणी करून पाहिली. फक्त समजून घ्यायला. शिकवणाऱ्याला समजलं पाहिजे ना. खांदा आधी की गुडघा आधी, यातच सगळी गंमत आहे. गुडघा कुरकुरला. आई परत आली तेव्हा मी ओट्याशी जमिनीवर टेकलेला. म्हणाली, कंबर धरली का, चौतिसाव्या वर्षी माणसं बोहल्यावर चढतात, तू बसलायस जमिनीवर. मी म्हटलं, चमचा पडला होता.

रविवार, २४ ऑगस्ट

पुण्याची बातमी आली. ऑक्टोबरमध्ये मोठी स्पर्धा, एकेकट्याची. देशभरातून क्रू येणार आणि प्रत्येक क्रूला एकच जागा. मी बोलायच्या आधीच शिवतेज बोलून बसला, वैष्णवीला पाठवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. वैष्णवी माझ्याकडे बघत होती.

मी हसलो. म्हटलं, आपल्याकडे वशिला चालत नाही, जागा गोलात ठरते. चौदा सप्टेंबरला मी आणि ती, जो जिंकेल तो पुण्याला. पोरं चपापली. माझ्यासारख्यानं विशीतल्या पोरीला आव्हान द्यावं हे त्यांना आवडलं नसावं. पण माझे गुडघे अजून किती दिवस देतील? हे वर्ष गेलं की मी केक कापणारा म्हातारा. तिच्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय.

जाता जाता नवीन पोरांना नियम सांगितला. गोलात सगळं माफ आहे. पडणं माफ, टिंगल माफ, हरणं माफ. एकच पाप, दुसऱ्याचा मूव्ह उचलून आपला म्हणून करायचा. त्याला बाइट म्हणतात. कोणी बाइट केला की समोरच्यानं दोन्ही हात सुसरीच्या जबड्यासारखे उघडमीट करून दाखवायचे. तो जबडा ज्याला दाखवला त्याला कुठल्याही गोलात तोंड राहत नाही. मी करून दाखवला तेव्हा पोरं खिदळली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गणपतीमुळे फरशी बंद होती. पण अंग बंद ठेवलं नाही. रोज आई देवळात गेली की स्वयंपाकघर माझं.

एक लक्षात आलं. ते खांदा टाकून खाली जाणं मला मुळीच नवीन वाटत नाही. मीसुद्धा असंच काहीतरी करायचो, बारा-तेरा सालच्या सुमाराला. तेव्हा नाव ठेवायची फॅशन नव्हती. कदाचित मला बघूनच कोणीतरी उचललं असेल आणि फिरत फिरत या पोरीपर्यंत आलं असेल. गोष्टी फिरतात.

रविवार, १४ सप्टेंबर

हरलो.

नीट लिहितो. तीन फेऱ्या ठरल्या होत्या. पहिली माझी, हे तीसुद्धा मान्य करेल. दुसरी तिची. तिसऱ्या फेरीत मी आत शिरलो तेव्हा दम लागला होता, डोक्यात काही उरलं नव्हतं आणि अंगानं जे काढलं ते काढलं. वाकलो, हात मागे, खांदा टाकला, पिळलो, तळव्यावर थांबलो. असं स्वच्छ आयुष्यात कधी जमलं नव्हतं. स्टेशनवर येणारेजाणारे थांबून ओरडले. मी उठलो तर क्रूतलं कोणीच ओरडत नव्हतं.

वैष्णवी समोर उभी होती. तिनं हात वर केले, जबडा उघडला, आणि मध्येच हात खाली घेतले. पुरता दाखवलासुद्धा नाही.

मी म्हटलं, तू शाळेत होतीस तेव्हापासून हे करतोय मी.

ती शांतपणे म्हणाली, “दादा, मीपण बाबांचंच घेतलंय. पण सांगून घेतलंय. तुमी सांगून घेतलं असतं तर मी दिलंच असतं की.”

 शिवतेजनं हात वर करायला सांगितले, सगळे तिच्या बाजूनं वर गेले. मी तिचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मोठ्या माणसानं जसं करावं तसं. तिचा हात गार पडला होता.

सोमवार, १५ सप्टेंबर

जुनी हार्ड डिस्क काढली. बारा साल, तेरा साल, चौदा साल, सगळे व्हिडिओ पाहिले. तो मूव्ह नाही. म्हणजे शूट केलेला नाही. त्या वेळी प्रत्येक गोष्ट कोण शूट करत होतं? नसल्याचा पुरावा म्हणजे काही पुरावा नव्हे, एवढं मला वकिलाकडे बसून कळतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

शिवतेजनं रविवारच्या माझ्या तिसऱ्या फेरीचा तुकडा इंटरनेटवर टाकला. फक्त माझा. वर लिहिलंय, ‘ऋषीदादा, बेलापूरचा वाघ’. त्याला माझी कीव आली असणार. हरलेल्याला खूश करायला टाकला. पोरगं मनानं चांगलं आहे. मी काही बोललो नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

गोलात गेलो नाही. आईला सांगितलं, पाय मुरगळलाय.

मंगळवार, ३० सप्टेंबर

तो तुकडा फिरतोय. इंदूरच्या एका पोरानं तो मूव्ह शिकवणारा व्हिडिओ काढलाय आणि नाव दिलंय ‘ऋषी ड्रॉप’. मग गुवाहाटीचा एक. मग नागपूरच्या दोन मुली, शाळेच्या गणवेशात. आज ऑफिसात वकीलसाहेबांच्या मुलीनं फोन पुढे केला, अंकल हे तुम्हीच ना? मी हो म्हटलं. मीच आहे ना त्यात.

लिहायला हवं, की हे वैष्णवीकडूनही आलंय. पण काय लिहायचं? इतक्या ओळी कोण वाचतं? शिवाय ती पुण्याला जाणार आहे, आत्ता तिच्या डोक्याला टेन्शन नको. स्पर्धा झाली की सविस्तर लिहीन.

‘ऋषी ड्रॉप’. मोठ्यानं म्हणून पाहिलं. वाईट वाटत नाही कानाला.

रविवार, ५ ऑक्टोबर

संध्याकाळी पुण्याहून शिवतेजचा फोन आला. आवाज वेगळाच होता. मी विचारलं, जिंकली का?

दुसऱ्या फेरीत वैष्णवीनं गोणी काढली. वाकून आली, जड पावलं टाकली, खांदा टाकला. आणि समोरच्या क्रूनं जबडा दाखवला. मग प्रेक्षकांनी. शिवतेज म्हणाला, अख्खा हॉल, दादा. जिकडे बघावं तिकडे हात उघडमीट. कोणीतरी ओरडलं, हा तर ऋषी ड्रॉप आहे. ती तळव्यावर होती तिथेच थांबली. उठली, सगळ्यांकडे बघितलं, बूट काढले आणि अनवाणी बाहेर गेली.

मी विचारलं, तू सांगितलं नाहीस का की तिचाच आहे म्हणून? तो म्हणाला, सांगत होतो की, पण ऐकतंय कोण, सगळ्यांच्या फोनमध्ये तुम्ही आहात.

सोमवार, ६ ऑक्टोबर

ऑफिसला गेलो नाही. काही खाल्लं नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कोपरखैरण्याला गेलो. वैष्णवी फोन घेत नाही, म्हणून घरीच. वाटेत काय बोलायचं ते चार वेळा जुळवलं. दार तिच्या वडिलांनी उघडलं. जोतीरामकाका बुटके, मान आखूड, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. मला बघून इतके खूश झाले की मला परत फिरावंसं वाटलं. या, बसा, चहा टाका गं, पोरीचे गुरू आले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी म्हटलं, वैष्णवीला भेटायचंय.

“आत हाय, पन ती न्हाई यायची,” काका हळू आवाजात म्हणाले. “पुण्यास्नं आल्यापास्नं गप हाय. नाच बंद. बूट शेजारच्या पोराला देऊन टाकले.”

मी सांगायला सुरुवात केली, की चूक तिची नव्हती. काकांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमी वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले. “पोर म्हनती, दादांचंच असंल ते. लहानपनी कुठंतरी बघितलं असंल आनि माझ्या डोक्यात ऱ्हायलं असंल. दादा इतकं ठाम म्हनत्यात म्हंजे असंलच. ते खोटं न्हाई बोलायचे. त्यांनीच तर आमाला चोरी करू नका म्हनून शिकवलं.”

मी चहा प्यायलो. खरं सांगतो, मी तो पूर्ण प्यायलो, बशी खाली ठेवली आणि त्या लोटलेल्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हटलं, “वैष्णवी, ती गोणी तुझीच आहे.”

दार लोटलेलंच राहिलं. काका माझ्याकडे कौतुकानं बघत होते, पोरीची समजूत काढायला एवढ्या लांब आलेला माणूस म्हणून. निघताना त्यांनी मला केळी दिली.

मी तिचं काय नेलं ते मला आज कळलं. नुसता मूव्ह नेला असता तर तिनं दुसरा काढला असता. आपल्या डोळ्यांनी बापाला गोणी उतरवताना पाहिलं, या गोष्टीवरचा तिचा विश्वासच मी नेला. आता तो तिला कुठून आणून देऊ?

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी कॅमेऱ्यासमोर बसून बोललो. शर्टाला इस्त्री केली होती. माझं नाव ऋषी, हा मूव्ह माझा नाही, तो वैष्णवीचा आहे, तिनं तो तिच्या वडिलांकडून घेतला, त्याचं नाव गोणी, मी तो बाइट केला आणि गप्प बसलो. वरील मजकूर खरा व बरोबर. हेही बोललो, सवयीनं. टाकला.

संध्याकाळपर्यंत आलेली उत्तरं: ‘काय मोठं मन आहे दादांचं.’ ‘स्वतःचं श्रेय शिष्येला देणारा गुरू.’ ‘हाच खरा हिपहॉप.’ इंदूरच्या पोरानं हात जोडलेली चित्रं पाठवली. एकानं विचारलंय, वैष्णवी कोण, तुमची गर्लफ्रेंड का?

शिवतेजला म्हटलं, तो जुना तुकडा काढून टाक. त्यानं काढला. लोकांनी उतरवून घेतलेले तसेच आहेत.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. क्रूचा ग्रुप बंद पडलाय. शेवटचा मेसेज कोणाच्यातरी ‘शुभ दीपावली’चा, खाली कोणाचं उत्तर नाही. शिवतेजनं ऐरोलीला नोकरी धरली. आज ऑफिसातून येताना बेलापूर स्टेशनात शिरलो होतो. आमच्या जागेवर एक बाई पिशव्या मांडून बसली होती, तिचं लहान पोर फरशीवर घसरत होतं. फरशी तशीच आहे.

वैष्णवीला एक मेसेज पाठवला. ‘गोणी’, एवढाच. पाहिल्याची खूण आली. उत्तर नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

खारघरला मेट्रोच्या पुलाखाली नवीन पोरांचा गोल भरतो असं ऐकलं होतं. का गेलो ते माहीत नाही. कोणी ओळखणार नाही म्हणून गेलो असेन. स्पीकर फुटक्या आवाजाचा, पण ढोल चांगला होता. कॉलेजची पोरंपोरी, गोल भरलेला. मी मागे उभा राहिलो.

एक जण गोलात आला आणि त्यानं तो मूव्ह केला. मग दुसरीनं. मग आणखी एकानं. स्वच्छ, झपाट्यानं, माझ्यापेक्षा चांगला. पण ताठ पाठीनं यायचे आणि एकदम पडायचे. हात मागे घेणं नाही, जड पावलं नाहीत. ओझंच नव्हतं. मग हे उतरवत काय होते? आणि उठल्यावरचं ते तरंगणं कुठून येणार?

शेजारच्या पोराला विचारलं, याला काय म्हणतात. तो म्हणाला, ऋषी ड्रॉप, काका. ब्राँक्समध्ये कोणीतरी ऋषी म्हणून होता, त्यानं काढलाय, सत्तर-बहात्तर साली.

मला हसू आलं नाही. गोलात जागा दिसली आणि मी आत शिरलो. ढोल चालूच होता. मी म्हटलं, ऐका, याला गोणी म्हणतात. कोपरखैरण्याच्या वैष्णवी नावाच्या मुलीनं काढलाय. तिचे वडील मार्केटात गोण्या उतरवतात. आधी ओझं घ्यायला लागतं. नुसतं पडायचं नाही. असं.

आणि मी वाकलो. दोन्ही हात खांद्यांवरून मागे नेले. डोळ्यांपुढे जोतीरामकाकांचा तो उतरता डावा खांदा होता, आणि लोटलेलं दार. जड पावलं टाकली. पोरांनी मोबाइल काढले. कोणीतरी मला ओळखलं. “अरे, हेच ते, ओरिजिनल,” असं म्हणाला, आणि ते गोलभर झालं, ओरिजिनल, ओरिजिनल.

आता खांदा टाकायचा होता. डावा खांदा खाली, गुडघा आत. शेकडो वेळा केलेलं. टाकताच येईना. गुडघा ठीक होता, दमही लागला नव्हता. मी तसाच वाकून उभा राहिलो, ढोलाचे फेरे जात राहिले. पोरांना वाटलं, ही पण स्टाइलच आहे. ती टाळ्या वाजवायला लागली, आणि मग एकेक करून, माझ्याकडे बघत, माझ्यासारखीच वाकून उभी राहिली.